तन्वीच्या फॉर्मचं काय झालं ते ऐक

आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कुर्ल्या मोडल्या. बुधवारी सकाळी, मागल्या पडवीत. मी शेताच्या बांधावरनं बालदीभर आणल्या होत्या, जिवंत, एकमेकींच्या अंगावर चढत होत्या. मी पाठीवरनं धरायचो, मोठ्या नांग्या पिरगाळून काढायचो नि तुझ्याकडे टाकायचो. तू बारके पाय ओढून पाट्यावर घ्यायचीस, वाटायला. तुझ्या उजव्या हाताला तीनच बोटं, तरी तुझं काम माझ्या पुढे. एकीने माझा अंगठा धरला, रक्त आलं. मी शिवी हासडली. तू हसलीस.

"तिचं बी बरोबर हाय," म्हणालीस. "तिला कोण वकील देणार?"

झालं. वकिलाचा विषय आपल्या घरात निघाला की भांडण ठरलेलंच.

मला फार लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. चौथीनंतर चिरेखाणीवर गेलो तो पाठ वाकेपर्यंत चिरेच काढले. हे लिहितोय ते तन्वीच्या जुन्या वहीच्या मागल्या पानांवर. येणारे जाणारे ओटीवर बसून बोलतायत, माउली होती, सोशिक होती, कुणाला दुखवलं नाही. मला हसू येतं. कुणाला दुखवलं नाही! मला विचारा म्हणावं. तू माझ्याशी भांडत होतीस नि भांडण अर्धं टाकून उठून गेलीस. उरलेलं मी लिहितो. तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, एवढाच काय तो माझा फायदा.

मंगळवारी संध्याकाळी पोरीने आपल्याला समोर बसवून समजावलं होतं. तन्वी आपल्या महेशची. महेश नि सून मुंबईला एका खोलीत, दोघंही कामाला, म्हणून पोर पहिलीपासून आपल्याकडे. बारावी झाली, वकिलीची परीक्षा दिली, मार्क बरे पडले. आता मोबाईलवरच्या फॉर्मात कॉलेजांची नावं नंबराने घालायची होती, नि पहिल्या नंबराचं मिळालं तर मग मागे फिरता येत नाही. गुरुवारी दुपारपर्यंत मुदत. तिच्यासमोर दोन कॉलेजं, एक मुंबईचं, एक रत्नागिरीचं.

"बाबा, सनद एकच असते," ती म्हणाली. महेशचं ऐकून ती पण मला बाबाच म्हणते. "मुंबईत शिका नाहीतर रत्नागिरीत, राज्यातल्या कुठल्याही कोर्टात उभं राहता येतं. पण जिथं शिकतो तिथं ओळखी होतात. तिथलेच मोठे वकील हाताखाली घेतात, तिथलेच कारकून चेहऱ्याने ओळखतात. मुंबईला शिकले तर मुंबईचीच होणार. इथं शिकले तर सकाळी कॉलेज नि दुपारी कोर्टात जाऊन बसता येईल. म्हणून उलटं चालायचं. आधी ठरवायचं, उभं कुठं राहायचंय. मग कॉलेज."

"मग ठरलं," मी म्हटलं. "रत्नागिरी."

"मग ठरलं," तू म्हणालीस. "मुंबई."

पोरगी हसली. आपण दोघं नाही हसलो.

कारण आपल्या दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. फणस.

माझ्या बापाने नि चुलत्याने वाटण्या केल्या तेव्हा जमीन वाटली नि झाडं वेगळी वाटली. आपल्याकडे असंच करतात. म्हणून कापा फणस आपला, पण उभा चुलत्याच्या वाट्यात, गडग्याच्या पलीकडे. चुलता होता तोवर कुणी काही बोललं नाही. तो गेला नि त्याचा दत्त्या गडग्यावर बसायला लागला. आधी शिव्या, मग दगड, मग आपला कुत्रा मारला. मी पण गप बसलो नव्हतो, त्याच्या गुरांचे पाय मी मोडलेत, ते इथं लिहून ठेवतो. तुला ते कधी सांगितलं नाही. तुला कळलं होतं बहुतेक.

मग त्या मे महिन्यात तू आकडी घेऊन एकटी गेलीस फणस काढायला. मी खाणीवर होतो. दत्त्या कोयती घेऊन आला. तू आकडी धरलीस ती सोडली नाहीस, नि त्याने आकडीच्या दांड्यावर वार केला. दांड्यावर तुझी बोटं होती.

मी घरी आलो तेव्हा तू ओटीवर बसली होतीस. उजवा हात पदरात गुंडाळलेला, पदर काळा पडलेला. डाव्या मुठीत दोन बोटं, करंगळी नि तिच्या शेजारची. तोंड पांढरं. मला बघितलंस नि म्हणालीस, "आजपासून चूल तुमी पेटवा." असं बोलणारी बाई मी आयुष्यात दुसरी बघितली नाही. तन्वी सात वर्षांची, तुझ्या पाठीला चिकटून बसलेली. लांजापर्यंत रिक्षाने, तिथून रत्नागिरी. बोटं पिशवीत घेऊन गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. ती बोटं मी परत आणली नि परड्यात पुरली. कुठं, ते तू विचारलं नाहीस.

मग कोर्ट. चार वर्षं. आपल्या गावातून रत्नागिरीला वेळेवर पोचणारी एसटी एकच, म्हणून आपण नि दत्त्या, फिर्यादी नि आरोपी, एकाच गाडीने जायचो. मी पुढल्या सीटवर, तो मागल्या. नि तू? तू दत्त्याच्या बायकोशेजारी! तिला गाडी लागते म्हणून खिडकी देऊन! कोर्टाच्या आवारात आंब्याखाली तुम्ही दोघी भाकरी नि सुकटीची चटणी काढून एकाच फडक्यातून खायच्यात. त्यावर मी तुझ्याशी महिनाभर बोललो नाही.

"तिने काय केलंय?" तू म्हणायचीस. "कोयती तिच्या हातात व्हती?"

"नवरा तिचा हाय."

"मग माजा नवरा कोण हाय ते माजा गुन्हा?"

तेव्हा मी भिंतीला लाथ मारली होती, माझ्या पायाचं नख गेलं.

साक्षीचा दिवस आठवतो. आपल्या बाजूचा सरकारी वकील घाटावरचा, नवीन. माणूस भला, पण झाड एकाचं नि जमीन दुसऱ्याची हे त्याच्या डोक्यात शिरेना. बाहेर बाकड्यावर मी तीनदा सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, असं कसं असेल?" दत्त्याचा वकील मात्र इथलाच. त्याच्या घरी पण अशीच झाडं असणार. त्याला सगळं माहीत होतं, म्हणूनच त्याने नेमकं विचारलं.

"बाई, फणसाचं खोड कुणाच्या जमिनीत?"

"त्यांच्या."

"म्हणजे तुम्ही त्यांच्या जमिनीत गेलात."

"गेले की. झाड आमचं हाय."

"कागद आहे?"

"कागद कशाला? सासऱ्यांनी वाटून दिलंय."

मागे बसलेले लोक हसले. वकील म्हणाला, कोयती तुमच्याच हातात होती, फणस तोडताना पडलात नि लागलं. तू तीन बोटांचा हात वर केलास नि म्हणालीस, "उजवा हात हाय साहेब. मी उजव्या हातात कोयती धरून उजवीच बोटं तोडली?" त्यावर कुणी हसलं नाही. पण आपल्या वकिलाने उठून ते पुढे नेलं नाही. वाटणीच्या वेळी हजर असलेला म्हातारा गावात जिवंत होता, त्याला बोलवावं हे कुणाला सुचलं नाही. एक प्रश्न विचारायचा होता नि तो विचारणारा माणूस नव्हता. दत्त्या सुटला.

येताना परत तीच एसटी.

त्या संध्याकाळी मी काय केलं ते आपण दोघांनी पुन्हा कधी काढलं नाही. आता काढतो. मी कोयतीला धार लावली. तुझ्यासमोर, दगडावर पाणी टाकून, अर्धा तास. नि निघालो. तू दारात आडवी झालीस. दोन्ही हात चौकटीला लावून.

"सर," मी म्हटलं.

"नाय."

"सर म्हणतो ना."

"पहिली मना मारा. मग त्याला मारा. मग दोन केसला दोन वकील लावा, आनंदाने बसा जेलात."

मी तुला ढकललं. नुसतं ढकललं म्हणतोय, पण चिरे उचलणारा हात होता तो. तुझं डोकं चौकटीवर आपटलं, भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. तरी दार सोडलं नाहीस. तू माझ्या मनगटाला चावलीस, हाडापर्यंत, नि कोयती पडली. मग आपण दोघं तिथंच उंबऱ्यात बसलो, दोघांचंही रक्त वाहत होतं, नि तू म्हणालीस, "जेवायला काय करू?"

ती भुवई शेवटपर्यंत तुटकी राहिली. तू लोकांना सांगितलंस की गोठ्यात पडले. माफ कर असं मी तुला म्हटलं नाही. सात वर्षं होती माझ्याकडे. सकाळ संध्याकाळ तू समोर होतीस. एवढा साधा शब्द. माझा नालायकपणा, दुसरं काही नाही. तू मला त्या दिवशी फाशीपासून वाचवलंस नि मी तुला त्याबद्दल महिनाभर तोंड वाकडं करून दाखवलं.

कोयती नाही चालली म्हणून मग मी दिवाणी दावा लावला, फणसाच्या वहिवाटीचा. तो अजून चालू आहे. तारीख पडते, आपण जातो, पुढली तारीख पडते. नि तन्वी वकील व्हायचं म्हणाली त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच. पाच वर्षं. पाच वर्षांनी ही रत्नागिरीच्या कोर्टात काळा कोट घालून उभी राहील नि दत्त्याला त्या पिंजऱ्यात घेऊन, खोडापासून विचारत विचारत, सोलून काढील. फणस सोलतात तसा. मी रोज झोपताना ते बघायचो. मला बरं वाटायचं.

बुधवारी कुर्ल्या झाल्या, कालवण झालं, आपण जेवायला बसलो. तन्वी लांजाला झेरॉक्सला गेली होती. मी म्हटलं, उद्या मुदत आहे, तिला सांग रत्नागिरी पहिल्या नंबरावर घाल.

"मुंबईला जाऊ दे तिला," तू म्हणालीस. "तिकडं शिकंल, तिकडंच उभी राहील. हितलं काय ठेवलंय?"

"हितलं आपलं कोण बघणार? परत घाटावरचा आणायचा, झाड कळत नाही तो?"

"मंजे तिने याच वाटेने रोज जायचं. त्याच एसटीने. दत्त्या मागल्या सीटवर. नि तिला बी दोन बोटं कमी झाली की मग तुमाला शांती."

"तिच्या अंगाला हात लावायची हिंमत आहे त्याची?"

तू घास खाली ठेवलास. माझ्याकडे बघितलंस. आवाज चढवला नाहीस, चढवला असतास तर बरं झालं असतं.

"तुमाला वकील नको हाय," म्हणालीस. "तुमाला दुसरी कोयती हवी हाय. नि ती तुमी माज्या पोरीची करताव."

मी टोप उचललं नि भिंतीवर मारलं. कालवणाचं, गरम. भिंतभर झालं. तुझ्या साडीवर उडालं. तू ते पुसलं पण नाहीस. खरकटी उचललीस नि मागल्या दारी धुवायला गेलीस. मी पुढल्या ओटीवर जाऊन बसलो, तुझ्याकडे पाठ करून.

थोड्या वेळाने भांडी पडल्याचा आवाज आला. सगळी एकदम. मला वाटलं रागाने आपटतेस. मी बसल्या जागेवरनं ओरडलो, "आपट! आणखी आपट!"

हे तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं.

मी गेलो नाही बघायला. तासभर. मुद्दाम नाही गेलो, तू आधी येऊन बोलशील म्हणून. तीनच्या गाडीने तन्वी आली, मागल्या दारी गेली, नि तिची किंकाळी ऐकू आली. तू धुण्याच्या दगडाशी कुशीवर पडली होतीस, नळ चालू. डॉक्टर म्हणाले हृदय. म्हणाले, लगेच आणलं असतं तरी सांगता येत नाही. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. मला बरं वाटलं नाही. मी त्यांच्या टेबलावर मूठ आपटली, त्यांची काच तडकली.

गुरुवारी सकाळी महेश नि सून पोचली. तुला माजघरात ठेवलं होतं. बायका भोवती. तन्वी तुझ्या पायाशी. मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"फॉर्म भरलास?"

"नाही."

"मुदत?"

"आज दुपारी."

"मग आत्ता भर."

शेजारची यशोदा तोंडाला पदर लावून म्हणाली, "भावजी, मढं घरात हाय नि काय हे?" मी म्हटलं, "मढ्याचंच भांडण आहे. तू गप बस."

तन्वीने मोबाईल काढला. मी म्हटलं, "मुंबई घाल पहिल्या नंबरावर. आजीची मर्जी होती." मला हे बोलायला किती लागलं ते तुला माहीत. पण पोरीने मान वर केली नि म्हणाली, "आजीची मर्जी, तुमची मर्जी. मला विचारलंत का कुणी?"

खरंच. तू नाही विचारलंस नि मी पण नाही. तिने आपल्याला समोर बसवून सांगितलं होतं, आधी ठरवायचं उभं कुठं राहायचंय, नि आपण दोघंच ठरवून मोकळे झालो.

"विचारतो," मी म्हटलं. "कुठं उभं राहायचंय तुला?"

"इथंच. रत्नागिरीत. आजीला त्या वकिलाने विचारलं नि तिच्या बाजूने कुणी उलटं विचारलं नाही. अशा बायका रोज त्या बाकड्यावर येऊन बसतात, बाबा. झाड त्यांचं, जमीन दुसऱ्याची. घर त्यांचं, नाव दुसऱ्याचं. मला त्यांच्यासाठी उभं राहायचंय." मग थांबली. "पण तुमचा दावा मी घेणार नाही. कधीच नाही. नि तुम्ही तो चालू ठेवलात तर मी या घरात राहणार नाही. मी होते त्या दिवशी. पेटाऱ्याच्या मागे बसलेले. तुम्ही आजीला कसं आपटलंत ते मी बघितलंय. आजी गोठ्यात नव्हती पडली."

सगळ्या बायकांचं रडणं थांबलं. महेश माझ्याकडे बघायला लागला.

माझा हात उठला. उठला हे खरं आहे, लिहून ठेवतो. तुझ्या प्रेतावरनं, तिच्या तोंडावर मारायला. तिने मान बाजूला केली नाही. दारात आडवी व्हायला तू नव्हतीस. हात खाली आणायला मला कुणी मदत केली नाही. तो माझा मलाच आणावा लागला, नि त्याला चिऱ्यापेक्षा जास्त वजन होतं.

"घाल," मी म्हटलं. "रत्नागिरी घाल. दावा काढून घेतो."

"सगळ्यांसमोर म्हणताय."

"सगळ्यांसमोर म्हणतो."

तिने घातलं. बटण दाबलं. मग तुझ्या पायावर डोकं ठेवून मोठ्याने रडली. तोपर्यंत रडली नव्हती.

तर असं आहे. पोरगी रत्नागिरीला जाणार, म्हणजे तू हरलीस. कोयती व्हायला ती नाही म्हणाली, म्हणजे मी हरलो. तू असतीस तर यावर आपलं आणखी दहा वर्षं भांडण चाललं असतं. ते मला हवं होतं. मला दुसरं काही नको होतं.

मला आत बसवेना. अंगणात आलो. पावसाने उघडीप दिली होती. गावात पुरुष किती उरलेत, सगळे मुंबईला. खोपीतले सुके ओंडके काढून एकजण फोडत होता. दत्त्या. भावकी ना तो. त्याला पण तुझं सुतक, कोर्टाने काही म्हणू दे, दहा दिवस तो पण दाढी करणार नाही. अंगात नुसता पंचा, पाठीची हाडं दिसत होती. तो पण म्हातारा झालाय. त्याची बायको आत तुझ्या उशाशी बसली होती.

मी सरळ त्याच्यापाशी गेलो नि कुऱ्हाड त्याच्या हातातून हिसकावून घेतली. मागनं महेश "बाबा!" म्हणून ओरडला, दोघं-तिघं धावले. दत्त्या हलला नाही. हात खाली सोडून उभा राहिला. त्याला वाटलं आज ते होणार. मला पण क्षणभर तसंच वाटलं.

"बाजूला हो," मी म्हटलं. "माझ्या बायकोची लाकडं मी फोडीन."

नि घाव घातला. एक, दोन, पाच, मग मला आठवत नाही. माझी पाठ गेली, तळहात फुटले. लोक म्हणत होते बस करा, पुरे झाली, एवढी लागत नाहीत. मी ऐकलं नाही. दत्त्या वाकला. माझ्या घावाखालून फुटून उडणारी फाळकी तो एकेक गोळा करायला लागला, कुऱ्हाडीच्या जवळ, अगदी जवळ हात घालून, न बघता. मी त्याला हो म्हटलं नाही नि नको पण म्हटलं नाही. मी फोडत गेलो. तो उचलत गेला.